कागद वाचणारे अण्णा

अण्णांना इंग्रजी बोलता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण हे कळल्यावर बरेच पालक आपली मुलं घेऊन आल्या पावली परत गेले होते. शहराच्या जुन्या भागात, चामराजपेटेत, एका घरी प्रवेश परीक्षांचं इंग्रजी वाचन शिकवतात, एवढंच ऐकून लोक यायचे. दार उघडायचे ते सत्तरीकडे झुकलेले, काटकुळे, कारखान्यातला करडा कोट घातलेले एक गृहस्थ. एखाद्या आईनं इंग्रजीत काही विचारलं, की ते शांतपणे मराठीत नाहीतर कन्नडमध्ये सांगायचे, “बोलायला मला येत नाही. वाचायला येतं. तुमच्या मुलाला परीक्षेत बोलायचंय का?” यावर निम्म्या आया चपला घालायला लागायच्या.

मी मात्र थांबले, कारण मला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. पीयूसी झाल्यावर, म्हणजे बारावीनंतर, कायद्याच्या विद्यापीठांची प्रवेश परीक्षा मी एकदा देऊन बसले होते आणि सपशेल आपटले होते. दहावीपर्यंत माझी शाळा कन्नड माध्यमाची, घरात निपाणीकडची मराठी, गल्लीत दोन्ही. इंग्रजी शब्द मला येत होते, व्याकरणही येत होतं. पण त्या परीक्षेत उताऱ्यांवर उतारे असतात. कायद्याचा प्रश्न उताऱ्यातून, चालू घडामोडींचा उताऱ्यातून, गणितसुद्धा उताऱ्यातून. तिसऱ्या उताऱ्याला माझे डोळे ओळीवरून नुसते घरंगळायला लागले होते.

बाबांनी मला एक वर्ष दिलं. एकच. तेवढ्यात जमलं नाही, तर ते पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात लेथवर होते, तिथल्याच ऑफिसात एक जागा होती. ती धरायची आणि संध्याकाळचं बी.कॉम. करायचं. जुलूम कुणीच करत नव्हतं. पण वकील व्हायचं मी सातवीत ठरवलं होतं, आणि बाबांनी ते अख्ख्या शेडमध्ये सांगून ठेवलं होतं. आता शेडमधले लोक त्यांना विचारत होते, आणि ते विषय बदलत होते. ते मला बघवत नव्हतं.

अण्णांचं नाव बाबांनीच काढलं, तेही नाक मुरडून. “बारा वर्सं त्या मानसानं माझे जॉब रिजेक्ट केले,” ते म्हणाले. पीण्यात मशीनवरून उतरलेल्या प्रत्येक तुकड्याला जॉब म्हणतात, आणि अण्णा तिथल्याच, बाबांच्या आधीच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते, मापं तपासणारे. “लई खडूस. पर इंग्रजी कागद त्याच्यावानी वाचनारा मी दुसरा बगितला न्हाई.” पहिल्या दिवशी बाबा माझ्याबरोबर आले ते गल्लीच्या तोंडापर्यंत. मेट्रोनं मार्केटला उतरून आम्ही चालत गेलो, आणि घर दिसल्यावर ते म्हणाले, “तू जा. मी हितंच थांबतो.”

अण्णांनी माझं नाव विचारलं, मग वडिलांचं विचारलं. वडिलांचं नाव ऐकल्यावर हातातली सहा इंची स्टीलची पट्टी त्यांनी टेबलावर ठेवली आणि परत उचलली. “सरी,” ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. “बस.”

मला वाटलं, आता उतारा देतील. त्यांनी कुकरचं गॅरंटी कार्ड दिलं. कुठल्याशा जुन्या कुकरचं, घड्यांवर फाटलेलं. “वाच. आणि सांग, रबराची रिंग फाटली तर कंपनी नवीन देईल काय?”

मी वरवर नजर टाकली. गॅरंटी पाच वर्षांची होती. “देईल,” मी म्हणाले.

“पुरावा कुठाय?”

“गॅरंटी आहे ना अण्णा. सगळ्या कुकरला असते.”

“सगळ्या कुकरचं नाही विचारलं. ह्या कागदाचं विचारलं. बोट ठेव.”

मी बोट ठेवायला गेले आणि बोट ठेवायला ओळच सापडेना. सापडली ती उलटीच. रबराची रिंग, व्हॉल्व आणि हँडल सोडून बाकी सगळ्याला गॅरंटी होती. माझा चेहरा पडलेला बघून अण्णांना काहीही वाटलं नाही. ते एवढंच म्हणाले, “कागद बोलतोय तेव्हा तू गप्प बसायचं.” पुढच्या वर्षभरात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याची गणतीच नाही.

त्यांची फी काय, हेही त्याच दिवशी कळलं. दर आठवड्याला एक छापील इंग्रजी कागद आणायचा, त्यांनी न पाहिलेला. बस, तेवढीच फी. मी औषधांच्या खोक्यांतली घडी घातलेली पत्रकं आणायची, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या मिनतवाऱ्या करून. कुणी विम्याची कागदपत्रं आणायचं, कुणी मिक्सरचं माहितीपुस्तक. अण्णा तो कागद हातात घेऊन आधी उलटा करायचे. लोक पुढची बाजू छापतात वाचण्यासाठी, आणि मागची छापतात कुणी वाचू नये म्हणून, असं त्यांचं मत. त्यांना वाचायचं व्यसनच होतं. चहाच्या पुड्याचं वेष्टण वाचून होईपर्यंत चहा आधणात पडत नसे. एकदा नात्यातल्या एका लग्नाची पत्रिका आली, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मुहूर्ताची वेळ दोन्हीकडे वेगळी छापली होती. लोकांनी फोन करून विचारलं असतं. अण्णा दोन्ही वेळांना हजर राहिले, आणि मुलाच्या बापाचं दोन्ही वेळा अभिनंदन करून आले.

शिकवण्याची त्यांची रीत कारखान्यातली होती. उतारा वाचायचा, ओळीखाली स्टीलची पट्टी सरकवत. प्रश्न वाचायचा. खालचे चार पर्याय पुठ्ठ्यानं झाकलेले. आधी उत्तर मराठीत सांगायचं, कन्नड मुलांनी कन्नडमध्ये. “आपल्या भाषेत सांगता आलं नाही म्हणजे वाचलंच नाही, नुसतं डोळे फिरवले,” ते म्हणायचे. ओळीवर बोट ठेवून मराठी उत्तर दिलं, की मगच पुठ्ठा उठायचा, आणि मग अण्णा एकेक पर्याय हातात जॉब घेतल्यासारखा तपासायचे. उताऱ्यात ‘काही लोक’ असेल आणि पर्यायात ‘सगळे लोक’, तर तो ओव्हरसाइज. लेखकानं दोन कारणं दिली आणि पर्यायात एकच असेल, तर अंडरसाइज. वाक्य खरं आहे, जगात सगळ्यांना माहीत आहे, पण उताऱ्यात नाही, तर तो दुसऱ्या ड्रॉइंगचा जॉब. आणि जो पर्याय भारी इंग्रजीत चमकत असेल त्याच्याकडे बघून ते हसायचे. “फिनिश बघ काय आहे. माप चूक.”

तपासलेले पेपर तीन प्लास्टिकच्या ट्रेंमध्ये जायचे, लाल, पिवळा आणि हिरवा. हेही कारखान्यातून आलेलं. लाल म्हणजे भंगार, पिवळा म्हणजे दुरुस्ती, हिरवा म्हणजे पास. हिरव्या ट्रेत अण्णा आपला चष्मा आणि अमृतांजनची बाटली ठेवायचे, कारण तिथं पेपर ठेवायची वेळच यायची नाही. माझा पेपर लालमधून पिवळ्यात यायला दिवाळी उजाडली. त्यांनी कधी शाबासकी दिली नाही. फार झालं तर “चालेल” म्हणायचे, आणि ते ऐकून मी मेट्रोत उभ्यानं हसत घरी जायची.

रविवारी रेवा यायची. तिचे आईबाबा पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेले, महादेवपुऱ्यातल्या मोठ्या सोसायटीत राहणारे. तिची आई तिला गाडीनं दीड तास ट्रॅफिक काढून आणायची, आणि पहिल्या दिवशी अण्णांचे इंग्रजी उच्चार ऐकून तिचा चेहरा असा झाला की मला तिची दया आली. रेवाचं इंग्रजी झऱ्यासारखं. मला तिचा हेवा वाटायचा, आणि अण्णांना तिचा ताप व्हायचा.

“सर, आय मीन, ऑथर बेसिकली असं म्हणतोय की टेक्नॉलॉजी इज ओके, बट...”

“बेसिकली कुठल्या ओळीत आहे?”

“नाही सर, ते ओव्हरऑल फील येतंय ना.”

“फील बेड. ओळ दाखव.” बेड म्हणजे नको. रेवाला हा कन्नड शब्द सगळ्यात आधी कळला.

पण तिनं आणलेले कागद म्हणजे अण्णांची दिवाळी. तिच्या सोसायटीतून इंग्रजी परिपत्रकं निघायची, लिफ्टमध्ये कुत्री न्यावीत की नाही यावर बारा बारा पानांची. अण्णा ती वाचताना भान हरपून जायचे. एका परिपत्रकातल्या दोन कलमांनुसार कुत्र्याला लिफ्टही बंद होती आणि जिनाही बंद होता. अण्णांनी रेवाच्या आईला गंभीरपणे विचारलं, “मग तो जातो कसा?” त्या दिवसापासून त्या बाईंनी त्यांना मनापासून सर म्हणायला सुरुवात केली. आम्हाला मात्र सर म्हणायची बंदी होती. “शाळेत मी कधी शिकवलं नाही. अण्णा म्हणा,” असा हुकूम होता, आणि रेवा तो नेहमी विसरायची. मला ते बरे असले की अक्का म्हणायचे, आणि चिडले असले तरी अक्काच म्हणायचे. फरक सुरातून ओळखायचा.

त्यांच्या करड्या कोटाबद्दल सांगायलाच हवं. शिकवणी सुरू करताना ते तो खुंटीवरून काढून घालायचे, वरच्या खिशात पट्टी आणि लाल खडू. शिकवणी संपली की काढून टांगायचे, आणि मग इंग्रजीबद्दल एक अक्षर विचारलेलं चालायचं नाही. त्यानंतर ते आंब्याच्या लोणच्याबद्दल बोलायचे, नाहीतर धारवाडच्या बहिणीबद्दल. कोट अंगावर असताना मात्र लोणच्याचं नावही काढायचं नाही.

शिकवणी चालू असताना तो कोट मी एकदाच उतरलेला पाहिला.

फेब्रुवारीतला रविवार होता. परीक्षा अडीच महिन्यांवर आलेली. रेवानं इंटरनेटवरून एक सराव संच छापून आणला होता, आणि त्यातला एक उतारा नेमका छोट्या कारखान्यांवर होता. लेखकाचं म्हणणं असं की, लहान कारखान्यांत जो माल वाया जातो, जे अपघात होतात, त्याला बहुतेक वेळा कामगार जबाबदार असतो. त्याच्या हातात सूचनेचा कागद दिलेला असतो आणि तो वाचत नाही. खाली प्रश्न होता, लेखकाच्या मते जबाबदार कोण?

मी मराठीत उत्तर दिलं, “मालक.”

“बोट ठेव.”

“बोट कशाला ठेवू? हे चूक लिहिलंय.”

“अक्का. बोट.”

मला इतका राग आला होता की मी उठून उभीच राहिले. “अण्णा, ह्या माणसानं कधी शेड बघितलीय का? कामगाराला कागद इंग्रजीत देतात. त्याला वाचता येतो की नाही कुणी विचारत नाही. माझ्या बाबांचा अख्खा लॉट गेला होता असाच. सेटर होणार होते ते. झाले नाहीत. अजून लेथवर उभे आहेत. आणि तो लॉट रिजेक्ट तुम्हीच केला होता!”

सेटर म्हणजे मशीन लावून देणारा, लेथवाल्याच्या वरचा, हे सगळं मला घरात तुकड्यातुकड्यानं ऐकून माहीत होतं. अण्णांच्या तोंडावर फेकायचं असं काही ठरवलेलं नव्हतं. रेवा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती.

अण्णा आधी मास्तर म्हणून बोलले. “लेखक चुकलाय,” ते म्हणाले. “मलाही पटत नाही. पण तुला विचारलंय तो काय म्हणतो. वकील होणार म्हणतीस. समोरच्याचं पूर्ण ऐकायच्या आधी भांडलीस, तर तो जिंकणार. आधी त्याचं शेवटच्या ओळीपर्यंत ऐक, मग त्याला धर.”

मग त्यांनी कोट काढला. खुंटीला टांगला नाही, मांडीवर घेऊन बसले.

“तो पिनांचा लॉट होता,” ते म्हणाले. “ड्रॉइंगवर माप होतं, आणि खाली बारीक इंग्रजीत एक टीप होती, की हे माप प्लेटिंग झाल्यानंतरचं. म्हणजे प्लेटिंगचा थर चढणार, तेवढी पिन आधी बारीक काढायला पाहिजे. तुझ्या बाबांनी वर लिहिलेल्या मापाला काढली. काम एक नंबरचं होतं. सुपरवायझरनं पण पास केलं, त्यानंही टीप वाचली नव्हती. प्लेटिंग होऊन परत आल्यावर एकही पिन माप तपासायच्या गेजमध्ये जाईना. मी लाल शिक्का मारला. माझं काम ते होतं.”

मला वाटलं, झालं एवढंच.

“प्रत्येक ड्रॉइंगची एक प्रत माझ्या टेबलावर यायची. ती टीप मी पहिल्याच दिवशी वाचली होती. चहाला जाताना रोज तुझ्या बाबांच्या मशीनवरून जायचो. चार दिवस. बोललो नाही.”

“का?” मी विचारलं.

“सुपरवायझर सांगेल, ते त्याचं काम, असं मनाला सांगितलं. पण खरं तसं नव्हतं. मला बघायचं होतं, माझ्याशिवाय इथं कुणी कागद वाचतंय की नाही.” त्यांनी कोटाची घडी घातली, मोडली, परत घातली. “कुणी वाचत नव्हतं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, अक्का. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.”

मी पिशवी उचलली आणि निघाले. त्यांनी थांब म्हटलं नाही.

आठ दिवस मी गेले नाही. अभ्यास घरी करते म्हणून सांगितलं आणि उतारे समोर घेऊन नुसती धुमसत बसले. मला अण्णांचा राग होता, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे त्यांच्याशिवाय माझं काय होणार हे मला कळत होतं. घरी केलेले तीन पेपर मी तपासले. तिन्ही लाल ट्रेतले होते.

शेवटी मी बाबांना सांगितलं. ते जेवत होते. पूर्ण ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला.

“त्यानं वाचलं असनार, हे मला तवाच ठाऊक हुतं,” ते म्हणाले. “तो सगळंच वाचायचा.”

“मग तुम्ही मला त्याच माणसाकडे पाठवलंत?”

“दुसरा कोन हाय?” त्यांनी आणखी आमटी वाढून घेतली. “आनि एक सांगतो, तुज्या आईलाबी म्हाईत न्हाई. ती खालची ओळ मला दिसली हुती. बारीक अक्षरांत कायतरी लिवलंय, एवडं दिसलं हुतं. इचारलं असतं तर कळलं असतं सगळ्यांस्नी, की ह्याला इंग्रजी वाचाय येत न्हाई. सेटर व्हनार हुतो मी. म्हनून न्हाई इचारलं.” त्यांनी हात धुतला. “उद्या जा. परीक्षा त्याची न्हाई, तुजी हाय.”

त्या रात्री मला अण्णांचा राग आला नाही, बाबांचाही आला नाही. मी ठरवलं की ही परीक्षा मी पास होणार. होणार म्हणजे होणारच. असं ठरवल्यानं कुणी पास होत नाही हे मला माहीत होतं, पण ठरवल्यानं पहाटे साडेचारला जाग येते, हा मात्र माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी मी गेले. अण्णांनी दार उघडलं, कोट घातला, माझ्यापुढे तोच उतारा ठेवला. मी पट्टी सरकवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. “लेखकाच्या मते कामगार,” मी म्हणाले आणि ओळीवर बोट ठेवलं. “आणि लेखक कुठं चुकला, तेही सांगू?”

“सांग,” अण्णा म्हणाले. मी अर्धा तास सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही.

पुढचे दोन महिने म्हणजे नुसती घासाघीस होती. रोज चार उतारे घरी, दोन त्यांच्याकडे. सुरुवातीला मी एका उताऱ्याला पंधरा मिनिटं घ्यायची. अण्णा घड्याळ दाखवायचे नाहीत. “आधी माप, मग वेग,” एवढंच म्हणायचे. रेवा माझ्या आधी दहा मिनिटं पेपर संपवून पाणी प्यायची आणि परत पिवळ्यात पडायची. एप्रिलमध्ये आमच्या दोघींचा वेग सारखा झाला. तिचा कमी झाला होता आणि माझा वाढला होता. एके दिवशी अण्णांनी हिरव्या ट्रेतून अमृतांजन उचललं, आणि माझा पेपर तिथं ठेवला. मी वाट बघत होते, निदान “चालेल” तरी म्हणतील. ते दुसऱ्या उताऱ्याकडे वळले.

परीक्षेत एक उतारा समुद्रातल्या शेवाळावर आला. शेवाळाबद्दल मला ओ की ठो माहीत नव्हतं, आणि त्या गोष्टीचा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आपल्या मनचं घालायला मनात काही नव्हतंच. मी ओठांतल्या ओठांत मराठीत उत्तरं पुटपुटत होते. पर्यवेक्षिका दोनदा येऊन दटावून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा माझा पेपर संपला होता.

पहिल्या यादीत माझं नाव लागलं नाही. दुसऱ्या यादीतही नाही. त्या दिवसांत बाबा ऑफिसातल्या त्या जागेबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही नाही. तिसऱ्या यादीत एका दूरच्या राज्यातल्या विद्यापीठात मला जागा मिळाली. त्याबरोबर पालकांचं एक हमीपत्र आलं, सात पानांचं, सगळं इंग्रजी. वडिलांची सही करून ते त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं होतं. नाही पाठवलं तर जागा पुढच्याला.

बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. छापून आणि स्कॅन करून देणारं दुकान चामराजपेटेतच होतं, आणि अण्णांना पेढेही द्यायचे होते. या वेळी बाबा गल्लीच्या तोंडाशी थांबले नाहीत. दारात चपला काढताना म्हणाले, “नमस्कार, साहेब.” कारखान्यात ते त्यांना असंच म्हणायचे.

अण्णांनी खुर्ची दिली, पेढा घेतला. “चालेल,” मला म्हणाले. मला हसू आवरेना. बाबांनी हमीपत्र टेबलावर ठेवून शेवटचं पान उघडलं, आणि सहीसाठी पेन मागितलं.

अण्णांनी खिशातून पेन काढलं, पण दिलं नाही. ते पान वाचत होते. “सहीच्या वर लिहिलंय, की मी हे सगळं वाचलं आहे आणि मला समजलं आहे,” ते म्हणाले. “तुम्ही वाचलंय?”

“पोरगीनं वाचलंय की.”

“तिची सही तिच्या पानावर. ही तुमची आहे.”

घड्याळात साडेबारा झाले होते. बाबा तापट आहेत, एकदा उठले की परत बसत नाहीत. मी घाईनं म्हणाले, “बाबा, मी थोडक्यात सांगते, काही विशेष नाहीये त्यात.” अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

बाबांच्या कानशिलावरची शीर दिसायला लागली होती. ते कागदाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर करून अण्णांच्या डोळ्यांत बघितलं.

“न्हाई वाचलं,” ते म्हणाले. “मला इंग्रजी वाचता येत न्हाई.”

मोठ्यानं म्हणाले, स्पष्ट, कुणी नाव विचारल्यावर सांगावं तसं. मी कधीच त्यांच्या तोंडून हे चारचौघांत ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, आणि अभिमानही वाटला, आणि त्यातलं काय आधी आलं ते मला आजही सांगता येणार नाही.

“मला माहीत होतं,” अण्णा म्हणाले. “तेव्हापण माहीत होतं. मी तुमच्या मशीनपाशी थांबायला पाहिजे होतं.”

अण्णांनी आपली खुर्ची टेबलाच्या पलीकडून उचलली, बाबांच्या शेजारी आणून ठेवली आणि पहिलं पान काढलं. कोट खुंटीला होता, तो त्यांनी घेतला नाही. ओळीवर बोट ठेवून ते मराठीत वाचायला लागले. वसतिगृहाच्या वेळा, हजेरी, सुट्ट्या, आजारपण. एकही शब्द त्यांनी गाळला नाही. पहिल्या दोन पानांना बाबा नुसते मान हलवत होते. तिसऱ्या पानाला ते पुढे वाकले.

चौथ्या पानाच्या मधे बाबांनी त्यांचं मनगट धरून त्यांना थांबवलं.

“ही ओळ परत वाचा अण्णा,” ते म्हणाले. “मला कळली न्हाई.”

अण्णांनी ती ओळ परत वाचली.